पाच व्होल्टांचा हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला आणि कालपर्यंत बिनतक्रार चालणारे असंख्य लॅपटॉप कागदोपत्री म्हातारे झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७-१८ नंतरचा असावा लागतो. त्याआधीच्या यंत्रांचे काही मालक लिनक्सकडे वळतात, काही इंटरनेट तोडून यंत्र घरकामापुरते ठेवतात आणि बाकीचे काहीच न करता वापरत राहतात. कामेही बेताचीच असतात: सोसायटीचा जमाखर्च, मुलांच्या नोट्स, लग्नाचे व्हिडिओ, पंधरा वर्षांचे फोटो.

असे यंत्र घेऊन गिऱ्हाईक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जाते, तेव्हा बहुधा दोनपैकी एक तक्रार सांगते. ‘बाहेरची हार्ड डिस्क लावली तर दिसतच नाही’ ही एक आणि ‘बॅटरी बॅकअप देत नाही’ ही दुसरी. पहिल्या तक्रारीवर डिस्क बदलली जाते, दुसरीवर बॅटरी. बरेचदा हे दोन्ही खर्च टळण्यासारखे असतात. यंत्रात वीज किती येते, किती साठते आणि बाहेर लावलेल्या वस्तूला किती दिली जाते, एवढे तीन आकडे कोणी मांडून पाहिलेले नसतात.

आधी पोर्ट पाहू. यूएसबीचे १.१ हे प्रमाण १९९८ चे, वेग सेकंदाला १२ मेगाबिट. २००० मध्ये २.० आले, ते ४८० मेगाबिटांचे. नोव्हेंबर २००८ मध्ये ३.० जाहीर झाले, ते ५ गिगाबिटांचे. पण इंटेलने ते आपल्या चिपसेटमध्ये थेट घ्यायला २०१२ उजाडले. त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक लॅपटॉपना २.० वरच भागवावे लागते. बिटांचे बाइट करायला आठने भागायचे. म्हणजे २.० ची कागदावरची धाव ६० मेगाबाइटची. देवाणघेवाणीचा वरखर्च वजा जाता हाती ३० ते ३५ पडतात. एक टेराबाइटची डिस्क ३० च्या वेगाने भरायला सव्वानऊ तास लागतात. तीच डिस्क ३.० च्या पोर्टला लावून १०० च्या वेगाने चालली, तर पावणेतीन तासांत काम होते. आणि एखाद्या पार जुन्या यंत्राच्या १.१ पोर्टवर हाच उद्योग मांडला, तर अकरा-बारा दिवस.

पोर्टच्या आतली प्लास्टिकची जीभ निळी असेल तर तो ३.० समजावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. शेजारी ‘एसएस’ अशी खूणही असते. पण सगळ्या कंपन्या हा रंग पाळत नाहीत, ॲपलने तर तो कधीच घेतला नाही. शंका असेल तर आत टॉर्च मारून पाहावे. २.० मध्ये सोनेरी चार पट्ट्या दिसतात, ३.० मध्ये त्यांच्याशिवाय आणखी पाच.

लेनोव्होचा थिंकपॅड टी४२० हा २०११ सालचा लॅपटॉप या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे. तो सेकंडहँड बाजारात अजून फिरतो आणि दणकट म्हणून त्याचे चाहतेही आहेत. त्याचे यूएसबी पोर्ट सगळे २.० चे. त्यांतला एक पिवळा असतो. लॅपटॉप बंद असतानाही तो वीज देऊ शकतो, फोन चार्ज करायला सोयीचा. एक पोर्ट ईसाटाशी जोडीने बसवलेला आहे. ईसाटाचा वेग २.० च्या कितीतरी वरचा, पण त्यातून फक्त डेटा जातो, वीज जात नाही. ती डिस्कला दुसरीकडून द्यावी लागते. बाजूला एक्स्प्रेसकार्डची खाच आहे. तिच्यात ३.० चे कार्ड बसवता येते आणि जुन्या यंत्राला नवा वेग मिळतो. मात्र अशा बऱ्याच कार्डांवर विजेची एक बारीक पिन वेगळी दिलेली असते, कारण खाचेतून येणारी वीज डिस्कला पुरेल याची खात्री नसते. म्हणजे वेगाचा प्रश्न सुटला तरी विजेचा उरतोच.

आणि तोच खरा प्रश्न आहे. प्रमाणानुसार २.० च्या पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट द्यायचे असतात, ३.० ने ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट. अडीच इंची पोर्टेबल डिस्क एकदा फिरू लागली की अडीच वॉटांत तिचे कसेबसे भागते. अडचण सुरुवातीच्या क्षणाला येते. थांबलेल्या चकत्या मिनिटाला ५,४०० फेऱ्यांच्या गतीला न्यायच्या, तर काही सेकंद एक अँपिअरच्या आसपास प्रवाह लागू शकतो. बरेच लॅपटॉप प्रमाणापेक्षा थोडे जास्त देतात म्हणून एरवी हे खपून जाते. पण पोर्ट झिजलेला, वायर लांब आणि बारीक, अडॅप्टर कमजोर असे जुळून आले, की व्होल्टेज खाली येते आणि डिस्क मध्येच हात टेकते.

हे कानाला कळते. चकती फिरू लागल्याची बारीक घरघर येते, मग ‘टिक’, मग शांतता. पुन्हा घरघर, पुन्हा ‘टिक’. तिकडे विंडोज काहीतरी जोडल्याचा आवाज करते आणि लगेच ते तुटल्याचा. डिस्कवरचा दिवा मात्र लागलेला असतो, म्हणून मालक म्हणतो, ‘वीज तर येतेय.’ दिव्याला लागणारी वीज आणि चकती फिरवायला लागणारी वीज यांची काही तुलनाच नाही. अशा वेळी वायर पुन्हा पुन्हा काढून-घालून पाहण्यात अर्थ नसतो, उलट डिस्कच्या वाचणाऱ्या सुईवर दर खेपेला ताण येतो. डिस्क काढावी, उलटी करावी आणि पाठीवरचे लेबल वाचावे. त्यावर ‘५ व्होल्ट’ आणि पुढे अँपिअरचा आकडा छापलेला असतो. तीच डिस्क नव्या संगणकाला किंवा स्वतःची वीज असलेल्या हबला लावून पाहावी. तिथे सुरळीत चालली तर ती निर्दोष आहे. तिथेही टिकटिक करत राहिली तर ती खरोखर आजारी आहे. मग घरी प्रयोग थांबवून, डेटा मोलाचा असेल तर, रिकव्हरीवाल्याकडे जावे.

वीज कमी पडते यावर बाजारात दोन मुखांची वायर मिळते. तिची दोन टोके लॅपटॉपच्या दोन पोर्टांत घालायची, तिसरे डिस्कला लावायचे. दोन्ही पोर्टांची वीज एकत्र होते. यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या संघटनेला ही वायर मान्य नाही, दुकानदारांना मात्र ती मनापासून मान्य आहे, आणि जुन्या लॅपटॉपवर ती उपयोगी पडते हेही खरे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. स्वस्तातला बिनअडॅप्टरचा हब इथे निरुपयोगी. तो लॅपटॉपच्या त्याच ५०० मिलिअँपिअरमधून चौघांची वाटणी करतो आणि प्रमाणानुसार एकेका पोर्टच्या वाट्याला १०० येतात. त्यावर माउस चालेल, पेन ड्राइव्हही चालेल कदाचित. फिरती डिस्क नाही.

वायरबद्दल एक बारकावा बहुतेकांना ठाऊक नसतो. ३.० च्या पोर्टेबल डिस्कला मागे जो पसरट, दोन भागांचा सॉकेट असतो, त्याच्या रुंद भागात जुन्या अँड्रॉइड फोनची मायक्रो यूएसबी वायर बसते. मूळ वायर तुटली असेल तर या वायरवर २.० च्या वेगाने काम भागते. मात्र फोनच्या स्वस्त वायरमध्ये तांबे बेताचे असते आणि व्होल्टेज वाटेतच गळते. अर्ध्या मीटरची जाड वायर मीटर-दोन मीटरच्या नाजूक वायरपेक्षा कधीही बरी.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कचा कारभार निराळा. तिची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि यूएसबी तर पाचच देते, म्हणून ती स्वतःचा अडॅप्टर घेऊनच येते. लॅपटॉपवर तिचा भार पडत नाही, पण घरातली लाईट गेली की ती त्याच क्षणी बंद पडते, लॅपटॉपची बॅटरी कितीही भरलेली असो. ज्या गावात दुपारी दोन-चार झटके ठरलेले, तिथे अशी डिस्क इन्व्हर्टरच्या लाइनवरच असावी. एसएसडीला फिरते भाग नसल्याने सुरुवातीचा तो मोठा घोट लागत नाही. साध्या साटा एसएसडीला जुना पोर्ट सहसा झेपतो. नव्या एनव्हीएमई एसएसडीचे केसिंग मात्र भराभर डेटा लिहिताना बऱ्यापैकी वीज खाते, तापतेही, आणि जुन्या पोर्टवर अधूनमधून गायब होते. २.० च्या पोर्टवर तिचा वेग दिसणारही नसतो, त्यामुळे तिथे ती महागडी हौस ठरते.

केसिंग ही वस्तू मात्र जुन्या लॅपटॉपवाल्याने जवळ ठेवावीच. लॅपटॉपमधली मूळ डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली, की यंत्र एकदम चपळ होते, वीजही थोडी वाचते. निघालेली डिस्क केसिंगमध्ये घातली की तीच बाहेरची बॅकअप डिस्क होते. साधारण २००५-०६ च्या आधीच्या यंत्रांत साटाऐवजी ४४ पिनांची आयडीई डिस्क असते, तिला वेगळे केसिंग लागते. ज्यांच्या यंत्रात डीव्हीडी ड्राइव्ह आहे ते तो काढून कॅडी बसवतात आणि डिस्क तिथे घालतात. कॅडी घेण्याआधी ड्राइव्हची जाडी मोजावी, ती ९.५ मिलिमीटरची आणि १२.७ मिलिमीटरची अशा दोन मापांत येते. आतल्या जागेला साटाची पूर्ण वीज मिळत असल्याने यूएसबीचे सगळे रडगाणे तिथे संपते.

वीज पुरली, डिस्क फिरली, तरी संगणक तिला नाकारू शकतो, आणि इथे घाई केली तर डेटा जातो. विंडोज एक्सपीच्या ३२ बिटी यंत्राला दोन टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क लावली की सहसा हा घोळ होतो. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कवरच्या खणांना ३२ बिटांचे क्रमांक देतात. एक खण ५१२ बाइटांचा, म्हणजे क्रमांक दोन टेराबाइटला संपतात. मोठ्या डिस्कवर म्हणून जीपीटी ही नवी मांडणी असते आणि ती या एक्सपीला वाचता येत नाही. मग डिस्क रिकामी किंवा अनोळखी दिसते. कधी यंत्रच विचारते, ‘फॉरमॅट करायची का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर. दुकानात ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणाऱ्यालाही तेच उत्तर द्यावे. डिस्क नव्या संगणकावर उघडून आत काय आहे ते आधी पाहावे.

फाइल ठेवण्याच्या पद्धतींचेही असेच रागलोभ आहेत. एफएटी३२ सगळ्यांना चालते, टीव्हीलाही चालते, पण एका फाइलला तिथे ४ गिगाबाइटची मर्यादा असते. लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ एका फाइलमध्ये असेल तर तो कॉपी होता होता अडतो आणि डिस्कवर भरपूर जागा असूनही ‘जागा नाही’ असा काहीसा निरोप येतो. एनटीएफएस विंडोजला उत्तम. मॅक मात्र ते वाचते, त्यावर लिहीत नाही. एक्सएफएटी २००६ पासून आहे, दोघांनाही चालते, मोठ्या फाइलही घेते. एक्सपीला त्यासाठी मायक्रोसॉफ्टची वेगळी दुरुस्ती बसवावी लागे. अलीकडच्या लिनक्समध्ये एनटीएफएस आणि एक्सएफएटी या दोन्हींची सोय गाभ्यातच आलेली आहे. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले की या भांडणातून बऱ्यापैकी सुटका होते.

डिस्क काढण्याची रीत सगळ्यांना ठाऊक असते, पाळतात थोडे. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून ‘झटपट काढणे’ हा पर्याय आपोआप लागू असतो. त्याआधीच्या आवृत्त्या लिहायचा डेटा काही काळ स्मृतीत साठवून मग डिस्कवर उतरवत. पडद्यावर ‘कॉपी झाली’ दिसले तरी शेवटचा तुकडा वाटेतच असू शके. जुन्या लॅपटॉपवर जुने विंडोज असेल तर ‘सेफली रिमूव्ह’ दाबल्याशिवाय वायर ओढू नये. दाबल्यावरही फिरती डिस्क लगेच उचलू नये. तळहात ठेवला तर तिची थरथर जाणवते. फिरत असताना उचलून वळवली तर ती मनगटाला किंचित विरोध करते. काही सेकंदांत चकती थांबते आणि मग ती निवांत पिशवीत जाऊ शकते.

आता बॅटरीकडे. वर सव्वानऊ तासांच्या कॉपीचा हिशेब आला, तो इथे लागतो. सहा सेलांची साधी बॅटरी घेऊ: ११.१ व्होल्ट, ४,४०० मिलिअँपिअर-तास. गुणाकार केला की जवळपास ४९ वॉट-तास येतात. वापरून वापरून ती २० वर आली असेल आणि लॅपटॉप सरासरी १५ वॉट खात असेल, तर ती एक तास वीस मिनिटे चालते. त्यावर अडीच वॉटांची डिस्क लावली की एक तास आठ मिनिटे. त्यामुळे मोठी कॉपी चार्जर लावूनच करावी लागते. पण महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात चार्जर लावणे म्हणजे महावितरणवर भरवसा ठेवणे. मध्येच लाईट गेली आणि बॅटरी बसलेली असेल, तर लिहिता लिहिता डिस्कची वीज तुटते, आणि डिस्कला अर्धवट लिहिलेली अनुक्रमणिका सगळ्यात वाईट. बॅकअप घ्यायला बसायचे तर बॅटरीत निदान दहा-पंधरा मिनिटांचा जीव हवा, यंत्र रीतसर बंद करण्याइतका.

हा जीव किती आहे ते विंडोज ८ पासून यंत्रच सांगते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि सलग ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत लिहून एंटर दाबले, की एक अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे शोधायचे: ‘डिझाइन कपॅसिटी’, म्हणजे कारखान्यातून निघतानाची क्षमता, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’, म्हणजे आजची. पहिल्यासमोर ४८,८४० आणि दुसऱ्यासमोर २१,००० असेल, तर बॅटरी ४३ टक्के उरली. विंडोज ७ वर याच आज्ञेपुढे ‘एनर्जी’ लावून मिळणाऱ्या अहवालात हे आकडे सापडतात. मॅकवर सिस्टिम रिपोर्टमध्ये चार्जिंगची आवर्तने दिसतात. पडद्याच्या कोपऱ्यातले टक्के मात्र आजच्या क्षमतेचे असतात. निम्मी मेलेली बॅटरीही तिथे रुबाबात १०० दाखवते.

या लिथिअम-आयन बॅटरीचे तंत्र सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणले. जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना त्यामागच्या संशोधनाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. जुन्या जाड बॅटरीच्या आत १८६५० नावाचे सेल असतात. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. सहा सेल म्हणजे दोन-दोनच्या तीन जोड्या, एकापुढे एक जोडलेल्या. तीन बैलजोड्या एकाच नांगराला जुंपाव्यात तसे हे असते. एक जोडी खाली बसली की उरलेल्या दोघींच्या अंगात बळ असून उपयोग नाही. ‘चाळीस टक्के दाखवत होती आणि अचानक बंद पडली’ ही तक्रार बहुतेकदा अशीच येते. एका जोडीचे व्होल्टेज एकदम घसरते आणि आतले सुरक्षा सर्किट सगळ्याच बॅटरीची वाट अडवते.

अर्थात दरवेळी सेलच दोषी असतात असे नाही. बॅटरीत एक मापक चिप असते. किती वीज आत गेली, किती बाहेर आली याची ती नोंद ठेवते आणि त्यावरून टक्के सांगते. महिनोन्‌महिने चार्जर लावूनच काम केले की या नोंदीत चूक साचत जाते. दोन-तीन महिन्यांतून एकदा बॅटरी पूर्ण भरावी, मग चार्जर काढून पाच-दहा टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी आणि पुन्हा पूर्ण भरावी. टक्के ताळ्यावर आले तर चूक चिपची होती. नाही आले तर सेलांची. हा उपाय फक्त नोंद सुधारतो, गेलेली क्षमता परत आणत नाही. ‘रोज पूर्ण उतरवूनच चार्ज करा’ हा सल्ला निकेल-कॅडमिअम बॅटरीच्या काळातला आहे. लिथिअमच्या बॅटरीला तो घातकच, कारण वारंवार तळाला नेल्याने ती लवकर थकते.

मग चार्जर कायम लावून ठेवावा की नाही? यावर घराघरांत वाद होतात. बॅटरी ‘जास्त भरून’ खराब होते हा समज चुकीचा आहे, भरल्यावर चार्जिंग थांबते. नुकसान होते ते दोन गोष्टींनी: प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या कमाल ताणावर बसून राहणे आणि उष्णता. कॅनडातील कॅडेक्स कंपनीचे संस्थापक इसिडोर बुकमन यांनी सामान्य वाचकांसाठी बॅटरीवर बरेच लिहिले आहे. त्यांच्या तक्त्यानुसार २५ अंश तापमानात ४० टक्के भरून ठेवलेल्या सेलमध्ये वर्षभराने ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरून ठेवलेल्यात ८०. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. म्हणजे चार्जर लावून, पूर्ण भरलेल्या अवस्थेत, तापलेला लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला, तर बॅटरी फारशी न वापरताच तिचा तिसरा हिस्सा वर्षात गेला. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीला जाते, आत पंखा धुळीने माखलेला असेल तर विचारायलाच नको. वर्षातून एकदा पंखा आणि जाळी साफ करणे हा बॅटरीचाच औषधोपचार समजावा.

अनेक कंपन्यांनी चार्जिंग मध्येच थांबवण्याची सोय दिलेली असते, पण ती शोधावी लागते. थिंकपॅडमध्ये चार्जिंग कितीवर सुरू व्हावे आणि कितीवर थांबावे हे दोन्ही ठरवता येते. असूसमध्ये ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवता येते. डेलमध्ये ‘मुख्यतः चार्जरवर’ असा पर्याय बायोसमध्ये सापडतो, लिनक्सवर टीएलपी नावाचे साधन बऱ्याच यंत्रांत हे काम करते. बॅटरी काढून ठेवून नुसत्या चार्जरवर चालवणे हा काहींचा आवडता तोडगा. तो भारनियमनाच्या भागात चुकीचा, आणि इतरत्रही फुकट नाही. ॲपलनेच जुन्या मॅकबुकबद्दल सांगितले होते, की बॅटरी काढली तर प्रोसेसरची गती मुद्दाम कमी होते, कारण क्षणिक जास्तीची वीज अडॅप्टर एकटा देऊ शकत नाही. बॅटरी आत ठेवून मर्यादा घालणे यापेक्षा बरे.

‘चार्जर लावलाय पण चार्ज होत नाही’ या तक्रारीवर तर नवी बॅटरी घेण्याआधी अडॅप्टरच पाहावा. डेलच्या बऱ्याच अडॅप्टरांत पिनच्या मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते. तिच्यातून अडॅप्टर आपली ओळख आणि वॉट लॅपटॉपला सांगतो. ती पिन वाकली किंवा आतली तार तुटली, तर लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो, पण बॅटरी भरत नाही, कामही संथ करतो. बॅटरी ठणठणीत असते, निरोप पोचलेला नसतो.

बॅटरी खरोखर बदलायची वेळ आलीच, तर बाजारात ‘ओरिजिनल’, ‘कंपॅटिबल’ आणि ‘फर्स्ट कॉपी’ असे तीन शब्द कानावर पडतात. त्यांतला पहिला शब्द सगळ्यात सैल वापरला जातो. जुन्या मॉडेलची ‘ओरिजिनल’ बॅटरी सात-आठ वर्षे गोदामात पडून असू शकते, आणि पडून राहिलेली लिथिअम बॅटरीही म्हातारी होते. म्हणून उत्पादनाची तारीख पाहावी. भारतात विकायच्या लिथिअम बॅटरीला आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक लेबलवर असतो. क्षमतेच्या दाव्याची पडताळणी तर घरबसल्या होते. नामांकित कंपन्यांचे चांगले १८६५० सेल साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत जातात. सहा सेलांच्या बॅटरीत दोन-दोन समांतर, म्हणजे फार तर ७,००० च्या आसपास. लेबल यापेक्षा फार मोठा आकडा सांगत असेल तर ते लेबल छापखान्याचे, सेल तेवढे नाहीत. जुन्याच बॅटरीत नवे सेल घालून देणारे कारागीरही असतात. त्यांचे कौशल्य खरे असले तरी सेल वेगळे करताच काही चिपा कायमच्या कुलूपबंद होतात, आणि स्पॉट वेल्डिंगऐवजी सेलवर तापलेली सोल्डर गन टेकवली तर सेल आतून दुखावतो.

दुखावलेला सेल काय करतो याचे जाहीर उदाहरण २००६ चे. त्या जूनमध्ये जपानमधील ओसाका इथे एका परिषदेत डेलचा लॅपटॉप पेटला, त्याची छायाचित्रे जगभर फिरली. ऑगस्टमध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. सेल बनवताना आत राहिलेले धातूचे सूक्ष्म कण अंतर्गत शॉर्ट सर्किट करू शकत होते, असे कारण पुढे आले. नव्या, कारखान्यातून आलेल्या मालाची ही गत. तापलेल्या, दाबलेल्या, पडलेल्या जुन्या बॅटरीबद्दल सावध असायला हवे हे वेगळे सांगायला नको.

पातळ लॅपटॉपमधली चपटी बॅटरी आधी फुगते. टचपॅडचा क्लिक जड होतो, तळाचे झाकण टेबलावर डुगडुगते, बिजागरीजवळ फट दिसते. आत वायू साचलेला असतो. टाचणीने भोक पाडून ‘हवा काढण्याचे’ प्रयोग इंटरनेटवर दिसतात. ते आगीला आमंत्रण आहे. अशा लॅपटॉपचे चार्जिंग त्याच दिवशी थांबवावे आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी.

लॅपटॉपमध्ये एक दुसरीही बॅटरी असते, नाण्याएवढी, बहुधा सीआर२०३२, ३ व्होल्टची. यंत्र बंद असताना घड्याळ ती चालवते. ती संपली की लॅपटॉप दर वेळी भलत्याच सालात जागा होतो. मग बँकेची साइट उघडत नाही, ‘सुरक्षा प्रमाणपत्र अवैध’ असा इशारा येतो, कारण यंत्राच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते. घरात सगळे व्हायरसच्या नावाने बोटे मोडतात. तारीख पाहावी आणि अगदी थोडक्या पैशांची ही बटण-बॅटरी बदलावी; बॅकअप डिस्कवरच्या फाइलींना खऱ्या तारखा पडण्यासाठीही ते गरजेचे आहे.

विमानप्रवासात सुटी बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातल्या बॅगेत लागते, आणि १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ च्या आसपास थांबतात त्याचे कारण हेच. टी४२० ची नऊ सेलांची बॅटरी ९४ वॉट-तासांची होती.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते, फुटते आणि पेटते. तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, कोरड्या डब्यात ठेवावी आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे नवी घेताना जुनी परत घेता का, हे विक्रेत्याला विचारायला हरकत नाही.